खडीसाखर विरघळेपर्यंत

शिक्षकांच्या खोलीत किस्से मुद्दाम कोणी जमवत नाही. कपाटावर जुनी जर्नल्स साठत जातात तसे ते साठतात. कोणी टाकत नाही, कोणी झटकत नाही, आणि एक दिवस लक्षात येतं की कपाट वाकलंय! आमच्याकडे पीबीएलच्या किश्शांचं असंच झालंय. चहाला चारजण टेकले, की कोणीतरी म्हणतंच, "मॅडम, ते लिमये सरांचं सांगा ना!" मी म्हणते, "थांबा. त्याआधीचं ऐकल्याशिवाय त्यात काही मजा नाही."

तर आधी आधीचं.

आमचं इंजिनिअरिंग कॉलेज पुण्याबाहेर वाघोलीत. नगर रोडचं ट्रॅफिक कापून जो वेळेवर तासाला पोचतो, त्याचं निम्मं शिक्षण रस्त्यातच झालेलं असतं. पीबीएल म्हणजे प्रॉब्लेम बेस्ड लर्निंग. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना एक खराखुरा प्रश्न द्यायचा. पुस्तकातला नाही, आजूबाजूचा. त्यांनी गटात बसून तो सोडवायचा. शिक्षकानं फार तर एखादा प्रश्न विचारायचा, पण उत्तर सांगायचं नाही. वाचायला किती सोपं आहे! पण शिक्षकाच्या जातीला यापेक्षा अवघड काम आजवर कोणी दिलेलं नाही.

हा कोर्स मी भांडून सुरू केला. प्राचार्यांनी परवानगी दिली, पण अर्धीच. म्हणाले, "सातपुते मॅडम, कोर्स चांगला आहे असं तुम्ही म्हणता. तुम्ही म्हणणारच! वर्षअखेरीला मला नीट मूल्यमापन दाखवा. बाहेरचा परीक्षक बोलवू. तो हो म्हणाला तर चालू ठेवू, नाहीतर हे तास अ‍ॅप्टिट्यूडच्या ट्रेनिंगला देऊन टाकू."

खराडीच्या आयटी कंपन्या नोकरी देताना अ‍ॅप्टिट्यूडची परीक्षा घेतात, हे खरंच. त्यामुळे प्राचार्यांचंही काही चुकत नव्हतं. पण मला हा कोर्स हवा होता. अगदी मनापासून हवा होता! वर्षानुवर्षं मुलांच्या पेपरांत मी माझीच वाक्यं वाचत आले होते, तीही स्पेलिंगच्या चुकांसकट. एकदा तरी मला मुलांची स्वतःची वाक्यं वाचायची होती.

*

कोर्सला माझ्या जोडीला कुंभार सर. सर शिकवतात इतकं सुंदर, की पास झालेली मुलंसुद्धा पुन्हा येऊन मागच्या बाकावर बसतात. त्यांना त्रास एकच. वर्गातली शांतता त्यांना सहन होत नाही. कोणी गप्प बसलं की त्यांना वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं.

पहिल्याच तासाला मुलांना प्रश्न दिला: संध्याकाळी आपल्या पार्किंगमधून दुचाकी बाहेर पडायला एवढा वेळ का लागतो?

"शोधा!" सर म्हणाले. "मी एक अक्षर सांगणार नाही."

मुलं विचार करायला लागली. सर हातांची घडी घालून उभे. थोड्या वेळानं म्हणाले, "मी सांगणार नाहीच. पण गेटकडे बघा."

मुलांनी खिडकीतून गेटकडे बघितलं.

"मी काही सांगत नाहीये. पण गेट रुंद आहे की अरुंद?"

मग सरांनी खडू घेतला. मग गेट काढलं. मग दुचाक्या काढल्या. मग एक सूत्र मांडलं, सोडवलं, उत्तराभोवती चौकट केली आणि हात झटकत म्हणाले, "बघा! तुमचं तुम्हीच शोधलंत की नाही?"

मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी कपाळाला हात लावला!

पुढच्या तासाला जाताना माझ्या पर्समध्ये नेहमीची स्टीलची डबी होती. दिवसभर बोलून घसा बसतो म्हणून मी खडीसाखर ठेवते. त्यातला चांगला मोठा खडा काढून मी सरांच्या हातावर ठेवला आणि म्हटलं, "हा तोंडात धरा. विरघळेपर्यंत बोलायचं नाही."

"आणि बोललो तर?"

"तर पुढच्या तासाला याहून मोठा!"

त्या दिवशी कुंभार सर गप्प बसले. पहिल्यांदा मुलं चुळबुळली, मग एकमेकांकडे बघायला लागली, आणि कोणीच काही सांगत नाही म्हटल्यावर नाइलाजानं स्वतःच बोलायला लागली. तास संपला तेव्हा फळा भरला होता, आणि त्यावर सरांचं अक्षर कुठेच नव्हतं! तेव्हापासून नियमच झाला. पीबीएलच्या वर्गात येणाऱ्या प्रत्येक शिक्षकानं दारातच डबीतला खडा उचलायचा.

*

पण कुंभार सर ते कुंभार सर. त्यांनी तोड काढली. उत्तर अगदीच ओठांवर आलं, की ते खडा दाढेखाली घ्यायचे आणि फोडायचे. कड्! नियम पाळला! तोंड रिकामं झालं! आणि सर सुटायचे.

काही दिवसांनी माझ्या लक्षात आलं, की त्यांच्या वर्गात मुलं पुन्हा गप्प बसायला लागलीयत. नुसतीच गप्प नाहीत. पेनांची टोपणं काढून, कान टवकारून गप्प!

मांजरी गावचा ओंकार पुढच्याच बाकावर होता. घरची उसाची शेती, आवाज शेताच्या या टोकाहून त्या टोकाला जाईल असा. त्याला विचारलं, "काय रे, चर्चा का थांबली?"

"थांबलोय मॅडम," तो म्हणाला. "सरांचा खडा अजून फुटायचा हाय. फुटला की उत्तर येतंय. रोजचंच हाय ते."

खडा फुटला की उत्तर येतं, हा शोध मात्र मुलांनी पूर्णपणे स्वतःच्या निरीक्षणातून लावला होता. मूल्यमापनात त्याला पैकीच्या पैकी द्यायला हवे होते!

पुढे सरांची दाढ दुखायला लागली. दातांच्या डॉक्टरांनी तोंडात टॉर्च मारून विचारलं, "अहो सर, तुम्ही खाता तरी काय?"

सर म्हणाले, "उत्तरं."

*

आता मार्कांचं. गटात काम केलं, तर कोणाला किती मार्क द्यायचे? सगळ्या जगात एक पद्धत आहे, की मुलांनीच एकमेकांना मार्क द्यायचे. आम्हीही म्हटलं, द्या. मुलांनी दिले. सगळ्यांनी सगळ्यांना दहापैकी दहा! वर्गात एकही माणूस कमी लायकीचा निघाला नाही.

"असं कसं?" मी विचारलं.

"मॅडम, दोस्ती है," मागून आवाज आला.

मग मी पद्धत बदलली. मार्क नकोत. प्रत्येकानं उभं राहून शेजाऱ्याबद्दल एवढंच सांगायचं: तो गटात नसता, तर काय अडलं असतं?

डोळे मिटून दहा देणं सोपं असतं. हे अवघड होतं. एकेक जण उठून अडखळत बोलायला लागला. ओंकारची पाळी आली, तेव्हा त्याच्याबद्दल बोलायला उठली वैष्णवी. यवतमाळहून आलेली, हॉस्टेलवर राहणारी, वर्गात आवाजच ऐकू येणार नाही अशी मुलगी. ती फळ्याकडे बघत म्हणाली, "ओंकारने प्रोजेक्टचं काहीच काम नाही केलं."

ओंकारचा चेहरा उतरला.

"पण दोनदा आमचं असं भांडण झालं की गट फुटणार होता. दोन्ही वेळा याने सगळ्यांना रसवंतीवर नेलं आणि परत आणून बसवलं. हा नसता तर प्रोजेक्टच नसता."

कुंभार सर माझ्या कानाशी कुजबुजले, "याला किती द्यायचे हो?"

ओंकारनं ते ऐकलं. "मॅडम," तो उठून म्हणाला, "प्राचार्य सरांना सांगा, भांडण मिटवायला पण अ‍ॅप्टिट्यूड लागतंय!"

त्याला आठ दिले. त्याच्या मते नऊ व्हायला हवे होते. पण त्यावरून त्यानं भांडण केलं नाही.

*

प्राचार्यांना मात्र असं तोंडी काही नको होतं. त्यांना निकष हवे होते. मग आम्ही रुब्रिक केली, म्हणजे कशाला किती मार्क याचा तक्ता. त्यात एक रकाना होता: सर्व सदस्यांचा समान सहभाग. आम्ही तो प्रामाणिकपणे मुलांनाही दाखवला. दाखवायला नको होता!

पुढच्या सादरीकरणाला एक गट उभा राहिला. पहिला म्हणाला, "आमच्या प्रोजेक्टचा विषय..." दुसरा म्हणाला, "...आहे लायब्ररीतले पंखे..." तिसरा म्हणाला, "...आणि त्यांचा आवाज." चौथ्यानं नुसतं, "धन्यवाद." मग पुन्हा पहिल्यापासून! आमच्या माना टेनिस बघितल्यासारख्या इकडून तिकडे.

मला खात्री करून घ्यायची होती. मी मध्येच विचारलं, "घसा कोरडा पडला असेल. पाणी हवंय का?"

पहिला म्हणाला, "हो मॅडम."

दुसरा म्हणाला, "थोडंसं."

तिसरा म्हणाला, "चालेल."

चौथा म्हणाला, "धन्यवाद!"

तो रकाना आम्ही त्याच दिवशी काढून टाकला.

*

मधल्या काळात कॉलेजनं मुलांकडून सगळ्या विषयांचा अभिप्राय मागवला. ऑनलाइन, नाव न देता. निकाल लागला आणि प्राचार्यांनी मला बोलावलं. समोर स्क्रीनवर आमचा कोर्स सगळ्यात तळाला.

"वाचा," ते म्हणाले.

मी वाचलं. "मॅडम शिकवत नाहीत." "मॅडमना विचारलं तर त्या उलट आपल्यालाच विचारतात." "सर गोळी खात बसतात." "या विषयाची गाइड मिळत नाही." "सगळं आम्हालाच करावं लागतं."

प्राचार्य चष्मा काढून म्हणाले, "आता काय म्हणणं आहे तुमचं?"

मला खरं तर नाचावंसं वाटत होतं! म्हटलं, "सर, शेवटचं वाक्य पुन्हा एकदा वाचता का?"

त्यांनी वाचलं. "सगळं आम्हालाच करावं लागतं."

"याची मोठी प्रिंट मिळेल का? वर्गाच्या दारावर लावायची आहे."

प्रिंट मिळाली नाही. पण बाहेर जायला सांगताना ते "या आता" म्हणाले, "चला निघा" नाही. पुण्यात एवढा फरक पुरतो.

*

अभिप्रायाची बातमी मुलांनी घरी पोचवलीच. एक दिवस वैष्णवीचे वडील यवतमाळहून थेट कॉलेजात. माणूस साधा, पण रागावलेला.

"मॅडम, पोरगी म्हणते तुमी उत्तर सांगतच नाई," ते म्हणाले. "काहून? आमी पोरगी एवढ्या दूर कायले धाडली?"

समजावण्यात अर्थ नव्हता. म्हटलं, "काका, आत्ता तास आहेच. तुम्हीच बसून बघा."

दारात मी सवयीनं डबी पुढे केली. काकांना वाटलं, प्रसाद! त्यांनी खडा कपाळाला लावला, तोंडात टाकला आणि मागच्या बाकावर जाऊन बसले. आता प्रसाद तोंडात असताना तक्रार कशी करणार? काका गप्प.

त्या दिवशी वैष्णवीच्या गटाची पाळी होती. ती फळ्याशी गेली. कोणीतरी मागून आडवा प्रश्न टाकला. तिनं आधी एक उत्तर दिलं, मग स्वतःच ते खोडलं, "थांब, हे चुकलं," म्हणाली आणि दुसरं मांडलं. आवाज बारीकच होता, पण थांबत नव्हता. मी मागे वळून बघितलं. काका बाकावर पुढे सरकून बसले होते, आणि गालातला खडा हलायचा थांबला होता.

तास संपला. काका माझ्याजवळ आले. डोळ्यांत पाणी होतं, ते त्यांनी पुसलंही नाही.

"घरी पाव्हणे आले, तं हे पोरगी आतल्या खोलीत पळते, मॅडम," ते म्हणाले. मग ठासून म्हणाले, "उत्तर सांगू नका. अजिबात सांगू नका!"

*

वर्षाचा मोठा प्रश्न मात्र मुलांनी स्वतः निवडला. हॉस्टेलच्या मेसमध्ये जेवणाची रांग हलत नाही आणि दोनच्या तासाला सगळे उशिरा पोचतात. का?

आम्हा सगळ्यांची उत्तरं तयार होती. कुंभार सर म्हणाले, पोळ्या कमी पडत असतील. मी म्हटलं, वाढणारी माणसं कमी असतील. खडे तोंडात होते म्हणून मुलांना बोललो नाही, एवढंच!

मुलं मेसमध्ये उभी राहून नुसती बघत राहिली. पोळ्या भरपूर होत्या. वाढणारेही चपळ होते. अडत होतं ते चमच्यांपाशी. चमच्यांची बादली ठेवलेली होती रांगेच्या अगदी सुरुवातीला, ताटांच्याही आधी. तिथं कोणाला चमचा आठवत नाही. तो आठवतो वरणभात ताटात पडल्यावर. मग भरलं ताट घेऊन माणूस उलटा फिरतो, समोरून येणाऱ्यांना धडकतो, "सॉरी, सॉरी" होतं आणि रांग जागच्या जागी उभी!

मुलांनी बादली उचलून शेवटी ठेवली. झालं.

दुसऱ्या दिवशी दोनला वर्ग भरलेला. सगळे जागेवर, वह्या उघडून! तास होता खुद्द प्राचार्यांचा. आठवड्यातून एक तास ते स्वतः घेतात. दोन वाजले. दोन वाजून गेले. मुलं वाट बघतायत. सव्वादोनच्या सुमाराला प्राचार्य सावकाश, बडीशेप चघळत आले, दार उघडलं आणि तसेच उभे राहिले.

"आज सगळे... इतक्या लवकर?"

ओंकार नम्रपणे उठून म्हणाला, "सर, चमचे हलवले."

*

एवढं सगळं झालं, तरी निकाल लागायचा तो लिमये सरांच्याच हातून. तेच आमचे बाहेरचे परीक्षक.

लिमये सर इलेक्ट्रिकलचे निवृत्त प्राध्यापक. जन्म गेला पेठेत. आता मुलाकडे खराडीला राहतात, आठमजली सोसायटीत. त्यांच्या तोंडी परीक्षेतून बाहेर आलेली माणसं आज स्वतः आजोबा झालीयत, पण आठवण निघाली की अजून घाम पुसतात. मी निमंत्रणाचा फोन केला आणि कोर्स समजावून सांगितला. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे शिक्षकानं वर्गात गप्प बसायचं?"

"हो सर."

"मग खुर्चीच ठेवा. तीही गप्पच बसते."

त्या रात्री मला नीट जेवण गेलं नाही. कोर्स गेल्यातच जमा होता.

ठरलेल्या दिवशी सर वेळेच्या आधी हजर. कुंभार सर म्हणाले, "सर, आपण आधी चहा घ्या."

"चहा मूल्यमापनात धरलाय का?"

"नाही..."

"मग नंतर."

मुलांनी भिंतीवर मेसच्या प्रोजेक्टची पोस्टर्स लावली होती. सर एकेकापुढे थांबत गेले. शेवटी म्हणाले, "छान. सरळ चिकटवलीयत."

मग ते पहिल्या बाकावर बसले, प्राचार्य त्यांच्या शेजारी. ओंकारनं सुरुवात केली, "सर, आमच्या प्रोजेक्टचा..."

"थांबा," लिमये सर म्हणाले. "हे तुम्ही वर्षभर घोटलंय. घोटलेलं पोपटही म्हणतो. मी माझा प्रश्न आणलाय. याचं उत्तर मलाही माहीत नाही. बघू काय करता."

नवा प्रश्न, तयारी शून्य, आणि समोर लिमये सर!

सर सांगायला लागले, "मी तिसऱ्या मजल्यावर राहतो. गच्चीवर टाकी आहे, ती भरलेली असते. तरी रोज सकाळी माझ्या स्वयंपाकघरातला नळ करंगळीएवढा बारीक होतो आणि तासाभरानं आपोआप सुधारतो. प्लंबर तीनदा नळ बदलून गेला. खाली पार्किंगमध्ये त्याच वेळी पाइप लावून गाड्या धुणं चालू, त्यात रेडिओ ठणाणा, आणि वर मी हातात कढई घेऊन नळाकडे बघत उभा! सांगा. का?"

मुलं एकमेकांकडे बघायला लागली. ओंकार म्हणाला, "माहीत नाय, सर."

कुंभार सरांनी डोळे मिटून घेतले. याच तीन शब्दांवर लिमये सरांनी एके काळी बॅचच्या बॅच घरी पाठवल्या होत्या.

"पण विचारू का काय काय?" ओंकारनं पुढे रेटलं.

लिमये सरांच्या भुवया वर गेल्या. "विचारा."

"वरच्या मजल्यावर पाणी येतं का, त्या वेळी?"

"मी विचारलेलं नाही. आमचं बोलणं नाही."

"मग विचारावं लागंल, सर. नळ तुमचाच बिघडलाय की सगळ्यांचाच, ते कसं कळणार?"

लिमये सरांनी फोन काढून घरी लावला. "अगं, वरच्या देशपांडेबाईंना विचार, सकाळी त्यांच्याकडे पाणी येतं का. ... हो, मीच विचारलंय म्हणून सांग. ... हो, मीच!" ते कानाशी फोन धरून बसून राहिले. मग हळूच म्हणाले, "त्यांच्याकडेही येत नाही."

"म्हणजे प्लंबरने तीन नळ उगाच बदलले," वैष्णवी पुटपुटली.

सरांनी फोन खिशात ठेवला.

प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली. बाथरूमचा नळ? तो ठीक, त्याचा पाइप वेगळा. संध्याकाळी? संध्याकाळी ठीक. रोज होतं? रोज. रविवार सोडून.

"रविवार का सोडून?" ओंकारनं विचारलं.

"ते मला माहीत असतं, तर मी इथं आलो असतो का? बस्स, आता तुमचं तुम्ही बघा."

तेवढ्यात मी उठले आणि डबी पुढे केली. "सर, नियम आहे. वर्गात बसणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला."

"मी परीक्षक आहे."

"तरीही, सर."

लिमये सरांनी खडा उचलला, उजेडात धरून बघितला आणि तोंडात टाकला. मी आणि कुंभार सरांनी घेतला. प्राचार्य म्हणाले, "मला नको. मी कशाला बोलतोय?" मी डबी लिमये सरांच्या बाकावर ठेवली आणि मागे जाऊन बसले.

मुलांनी फळ्यावर इमारत काढली. वर टाकी, टाकीतून खाली उतरणारा एकच पाइप, त्यावर एकाखाली एक स्वयंपाकघरं. रविवारपाशी येऊन गाडी अडली. रविवारी लोक उशिरा उठतात? उठले तरी भांडी घासतातच. रविवारी टाकी जास्त भरते? नाही. खोडलं, पुन्हा काढलं, पुन्हा खोडलं. मग सगळे गप्प झाले. घड्याळ पुढे सरकत होतं. प्राचार्यांनी मनगटाकडे बघितलं. मला ओरडावंसं वाटत होतं, आणि तोंडात खडा होता.

वैष्णवी खडू घेऊन फळ्याशी उभी होती, आमच्याकडे पाठ करून. ती स्वतःशीच बोलावं तशी म्हणाली, "आपण उगाच बघतोय, रविवारी पाणी का येतं. रविवारी सोसायटीत काय होत नाही, ते बघायला पाहिजे."

कड्!

सगळ्या वर्गानं वळून कुंभार सरांकडे बघितलं. सरांनी दोन्ही हात वर केले आणि आ करून अख्खा खडा दाखवला.

आवाज पहिल्या बाकावरून आला होता. लिमये सर अर्धवट उठून उभे होते. चेहरा असा उजळलेला, की हेच ते का असं वाटावं! माझ्याही डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पार्किंग! गाड्या धुणारा पाइप! स्वयंपाकघरांच्याच पाइपचं पाणी ओढतो! रविवारी त्याला सुट्टी! कुंभार सर जागच्या जागी उड्या मारत होते, पण खडा शाबूत होता.

आणि मुलांनी, वर्षभराच्या सवयीनं, पेनांची टोपणं काढली.

लिमये सरांचं तोंड उघडलेलं होतं. त्यांनी त्या पेनांकडे बघितलं. मग फळ्याकडे बघितलं. वैष्णवी तेवढी वळली नव्हती. टाकीवर बोट ठेवून ती पाइपवरून एकेक मजला खाली येत होती. आठवा, सातवा, सहावा.

"अरे, सोप्पं आहे!" शेजारून प्राचार्य न राहवून म्हणाले. "ते खाली पार्..."

लिमये सरांनी हात वर केला. प्राचार्य थांबले. सर सावकाश खाली बसले, बाकावरची डबी ओढून घेतली, त्यातला सगळ्यात मोठा खडा शोधून तोंडात टाकला, आणि डबी प्राचार्यांपुढे धरली.